बागेतली माती, उद्याचं औषध : शहरातल्या उद्यानांत दडलेले जिवाणू नेमकं करतात काय?

वळवाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, त्याला आपण मातीचा वास म्हणतो. खरं तर त्यात मोठा वाटा असतो मातीत राहणाऱ्या जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या कुळातले जिवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात. तापलेल्या कोरड्या जमिनीवर थेंब आपटले की हे द्रव्य बारीक तुषारांबरोबर हवेत उडतं आणि थेट नाकात येतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तर भाजलेल्या मातीपासून 'मिट्टी अत्तर' काढायचा पिढीजात धंदाच आहे.

या वासवाल्या कुळाची दुसरी ओळख मात्र फारशी कुणाला नसते. क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळातल्या एका जिवाणूपासून मिळालं. आज दवाखान्यात वापरली जाणारी कितीतरी अँटिबायोटिक औषधं मुळात मातीतून आली आहेत. आणि ती माती फक्त घनदाट जंगलातलीच हवी असं काही नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञ मुद्दाम शहरातल्या बागांकडे वळले आहेत. बेळगावचा व्हॅक्सीन डेपो, बडोद्याची कमाटी बाग, इंदूरचं नेहरू पार्क, हैदराबादचं पब्लिक गार्डन, ग्वाल्हेरची फूलबाग, पणजीचा कांपाल... सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या पायाखाली काय असतं, त्याचा उपयोग काय आणि त्यात आपलं काय पणाला लागलं आहे, ते समजून घेऊ.

चमचाभर मातीत केवढी वस्ती

चांगल्या बागेतली एक ग्रॅम माती, म्हणजे साधारण पाव चमचा, घेतली तर तिच्यात काही कोटींपासून अब्जापर्यंत जिवाणू असू शकतात. त्यांच्या जातीही हजारोंनी. झाडाचं पान गळून पडतं, कुजतं आणि त्याचं खत होतं, ते काम यांचंच. हवेतला नत्र पकडून झाडाला देणारे वेगळे, जमिनीत घट्ट बसलेला स्फुरद सुटा करणारे वेगळे, दुसऱ्याने टाकलेल्या कचऱ्यावर जगणारे आणखी वेगळे.

एवढ्या दाटीवाटीत राहायचं तर भांडणं आलीच. अन्न थोडं आणि खाणारे फार. एसटी स्टँडवर गाडी लागली की जी रेटारेटी होते, तशी मातीत चोवीस तास चालू असते. फरक इतकाच की तिथे ढकलाढकली हातांनी होत नाही, रसायनांनी होते. शेजाऱ्याची वाढ रोखेल असं रसायन एक जिवाणू सोडतो, दुसरा त्यावर उतारा शोधतो. कोट्यवधी वर्षं हे चाललं आहे. माणसाने त्यातली काही रसायनं उचलली आणि आपल्या शरीरातल्या रोगजंतूंवर वापरली. अँटिबायोटिकची गोष्ट थोडक्यात एवढीच.

यातली सगळीच रसायनं मारण्यासाठी असतात असंही नाही. काही निरोप देण्यासाठी असतात, काही मातीतलं लोह ओढून घेण्यासाठी. जिओस्मिनचंच बघा. हा वास कशासाठी, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की या वासाकडे मातीतले बारीक उड्या मारणारे किडे ओढले जातात. ते जिवाणू खातात, पण त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून आणि विष्ठेतून दूरवर पसरवतात. म्हणजे वास हा जिवाणूचा जाहिरात-खर्च. थोडं नुकसान सोसायचं, पण वंश पसरवायचा.

न्यूयॉर्कच्या बागांनी काय दाखवलं

शहरातल्या मातीला पूर्वी कुणी फार विचारत नव्हतं. धूर, सिमेंट, माणसांची वर्दळ, त्यात जिवाणू असून असून असणार किती, असा समज होता. तो न्यूयॉर्कमधल्या दोन अभ्यासांनी मोडला.

पहिला अभ्यास सेंट्रल पार्कचा. सुमारे ३४० हेक्टरची ही बाग चारही बाजूंनी उंच इमारतींनी वेढलेली, एकोणिसाव्या शतकात माणसांनी आखून बनवलेली. शास्त्रज्ञांनी तिथे ठरावीक अंतरावर मिळून ५९६ ठिकाणची माती गोळा केली आणि तिच्यातला डीएनए वाचला. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या एका बागेच्या मातीत सुमारे १ लाख ६७ हजार प्रकारचे सूक्ष्मजीव आढळले आणि त्यातले बहुतेक कुठल्याही नोंदवहीत नव्हते. जगभरातल्या वेगवेगळ्या हवामानांच्या मातींशी तुलना केली, तर या एका बागेतलं वैविध्य त्या सगळ्यांच्या बरोबरीला येत होतं.

दुसरा अभ्यास तिथल्याच रॉकफेलर विद्यापीठातला, शॉन ब्रॅडी यांच्या प्रयोगशाळेचा. त्यांना जिवाणूंची नावं नको होती. त्यांचा प्रश्न सरळ होता : या मातीत औषध बनवायची 'कृती' आहे का? स्वयंपाकाची जशी वहीत कृती लिहिलेली असते, तशी रसायन बनवायची कृती जिवाणूच्या जनुकांत लिहिलेली असते. न्यूयॉर्कच्या बागांतून २७५ नमुने घेऊन त्यांनी अशा कृती शोधल्या. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार शहरातल्या बागा या बाबतीत मुळीच गरीब नाहीत. आधीपासून माहीत असलेल्या अँटिबायोटिक आणि कर्करोगावरच्या औषधांशी नातं सांगणाऱ्या जनुकांचे समूह तिथे सापडले. त्याशिवाय कशाचे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, असेही भरपूर.

याचा अर्थ तिथली माती खाल्ली की औषध मिळालं, असा होत नाही. कृती सापडणं आणि पदार्थ ताटात येणं यात बराच पल्ला असतो. पण औषध शोधायला दरवेळी दूरच्या बेटावर जायलाच हवं असं नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

कुठली माती, कोणतं औषध

मातीतून आलेल्या औषधांची यादी बघितली तर जगाचा नकाशाच समोर येतो.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सापडलं. अल्बर्ट शॅट्झ हा तरुण विद्यार्थी सेलमन वॅक्समन यांच्या हाताखाली काम करत होता. त्याने शेणखत घातलेल्या शेतजमिनीतल्या जिवाणूपासून ते वेगळं केलं. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. श्रेय आणि पैसा यावरून दोघांत त्याआधीच कोर्टकचेरी झाली होती.

ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं औषध अमेरिकेतल्याच मिसुरी विद्यापीठाच्या एका प्रयोगशेतातल्या मातीतून आलं. बेंजामिन डगर यांनी ते शोधलं. ते ज्या लेडर्ली कंपनीत काम करत, तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हैदराबादकडच्या वाचकांना हे नाव नवीन नसावं.

क्षयरोगाच्या गोळ्या ज्यांनी घरात बघितल्या आहेत, त्यांना रिफाम्पिसिन नक्की आठवेल. ही गोळी सुरू झाली की लघवीला लालसर-नारिंगी रंग येतो आणि घरचे घाबरतात. ते औषध फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातून १९५७ मध्ये आणलेल्या मातीतून निघालं. गंभीर जंतुसंसर्गात शिरेतून देतात ते व्हॅन्कोमायसिन बोर्निओहून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीतलं. हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन जपानमधलं. सातोशी ओमुरा यांनी इटो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानाशेजारून घेतलेल्या मातीतला जिवाणू त्यामागे आहे. त्या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

आता जरा घराजवळ येऊ. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिन देशातच बनावं हा तिचा मूळ उद्देश. पण तिथल्या संशोधकांनी मातीचाही शोध घेतला. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक नवा जिवाणू मिळाला. त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंपरी गाव अशा रीतीने जिवाणूशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलं. त्यापासून बुरशीच्या आजारांवरचं हमायसिन हे औषध तयार झालं. त्याच कंपनीने शोधलेलं ऑरिओफंगिन पुढे फळबागांतल्या बुरशीवर वापरलं गेलं. औषध शोधायचं काम परदेशातच होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

मग नवीन औषधं का येईनात?

१९४० ते १९६० हा अँटिबायोटिकचा सुवर्णकाळ मानतात. त्यानंतर ओघ आटला. त्याची कारणं मुख्यत्वे तीन.

एक, तेच ते सापडायला लागलं. मातीतून जिवाणू वाढवायचा, त्याचं रसायन तपासायचं, आणि शेवटी कळायचं की हे तर जुनंच स्ट्रेप्टोमायसिन आहे. कंपन्यांना ही खटपट परवडेना.

दोन, मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. काचेच्या बशीत त्यांना कितीही चांगलंचुंगलं खायला घाला, ढोबळमानाने शंभरातला एखादाच रुजतो. बाकीच्यांना लागणारा शेजार, ओल, एखादं बारीकसं द्रव्य तिथे मिळत नाही. म्हणजे सगळं जुनं संशोधन झालं ते या एक टक्क्याच्या जोरावर. उरलेले नव्याण्णव टक्के गोदामाचं कुलूप उघडल्याशिवायच राहिले.

तिसरं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. अँटिबायोटिक घेतो पाच-सात दिवस. त्यातून नवं आणि जोरदार औषध आलं की डॉक्टर ते राखून ठेवतात, कारण जास्त वापरलं तर जंतू त्यालाही सरावतील. समाजाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, पण कंपनीच्या खात्यावर विक्री दिसत नाही. अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन हे नवं अँटिबायोटिक २०१८ मध्ये मंजूर झालं आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. माल चांगला, गरज मोठी, तरी दुकान बंद. असं दुसऱ्या कुठल्या धंद्यात सहसा होत नाही.

इकडे जंतू काही थांबलेले नाहीत. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. अशा संसर्गाशी संबंध असलेले मृत्यू धरले तर आकडा ४९ लाखांच्या पुढे जातो. साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, बाळंतपणानंतरचा ताप, ऑपरेशनची जखम, नवजात बाळाचा न्यूमोनिया, या रोजच्या गोष्टी पुन्हा जीवघेण्या होऊ शकतात. म्हणून मातीकडे परत जाणं हा शास्त्रज्ञांचा छंद राहिलेला नाही. ती गरज आहे.

कुलूप उघडायच्या नव्या किल्ल्या

सध्या दोन वाटांनी काम चालू आहे.

पहिली वाट अशी की जिवाणू प्रयोगशाळेत यायला तयार नसेल, तर प्रयोगशाळाच मातीत न्यायची. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले किम लुईस आणि सहकाऱ्यांनी एक छोटी चकती वापरली. तिला शेकडो बारीक भोकं. एकेका भोकात एकेक जिवाणू ठेवायचा, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा लावायचा आणि चकती परत मातीत पुरायची. पडद्यातून मातीतली द्रव्यं आत येतात, जिवाणूला आपण घरीच आहोत असं वाटतं आणि तो वाढतो. या युक्तीने अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका गवताळ मैदानाच्या मातीतून टेक्सोबॅक्टिन मिळालं. २०१५ मध्ये ते जाहीर झालं. ते अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही, पण वाट खुली झाली.

दुसरी वाट जिवाणू वाढवायच्या भानगडीतच पडत नाही. मातीतला सगळा डीएनए एकत्र काढायचा, वाचायचा, त्यातली औषधाची कृती ओळखायची आणि ती सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूत बसवून त्याच्याकडून रसायन करून घ्यायचं. आचारी मिळत नसेल तर त्याची वही मिळवून दुसऱ्याकडून स्वयंपाक करून घेण्यासारखं. रॉकफेलरच्या चमूने २०१८ मध्ये मालासिडिन नावाची अँटिबायोटिकं याच रीतीने शोधली. त्यासाठी अमेरिकेतल्या सामान्य नागरिकांनी आपापल्या भागातली माती पाठवली होती.

कधी कधी मात्र साधा धीरही कामाला येतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या चमूने हॅमिल्टन शहरातल्या एका घराच्या परसातली माती घेतली आणि तिच्यातल्या जिवाणूंना जवळजवळ वर्षभर सावकाश वाढू दिलं. घाई केली असती तर जलद वाढणाऱ्यांनी बाकीच्यांना दाबून टाकलं असतं. वर्षाने एका जिवाणूपासून लॅरिओसिडिन हे रसायन मिळालं. जिवाणूंचा प्रथिनं बनवायचा कारखाना ते नव्याच जागी अडवतं. उंदरांवरच्या प्रयोगात ते हट्टी जंतूंवरही चाललं. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणसांसाठीचं औषध व्हायला अजून वर्षं लागतील. पण सुरुवात झाली ती परसदारी, हे लक्षात ठेवण्याजोगं.

औषधापलीकडचे उपयोग

मातीतल्या जिवाणूंचा दवाखान्याबाहेरही मोठा संसार आहे. सीमाभागातला शेतकरी सोयाबीन, भुईमूग, तूर पेरण्याआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून जे रायझोबियम चोळतो, ते मातीतलेच जिवाणू. मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. अॅझोटोबॅक्टर, पीएसबी ही पाकिटंही त्याच घराण्यातली. 'बीटी कापूस' या नावातलं बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. बोंडअळीसाठी विषारी असलेलं प्रथिन बनवायचं त्याचं जनुक कापसात घातलं आणि २००२ मध्ये देशात त्या वाणांना परवानगी मिळाली.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर २०२० मध्ये एक प्रयोग केला. चंद्रावरच्या मातीसारखी कृत्रिम माती, युरिया, गवारीचा डिंक आणि एक मातीतला जिवाणू यांच्यापासून त्यांनी विटेसारखा घट्ट ठोकळा बनवला. हा जिवाणू युरिया मोडून चुनखडी तयार करतो आणि कण एकमेकांना धरून ठेवतात. भट्टी लागत नाही. इमारतींच्या भेगा बुजवायला हेच तंत्र वापरता येईल का, यावर बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. सांडलेलं तेल खाणारे जिवाणू तर आपल्या देशात प्रत्यक्ष वापरात आहेत. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेलाने माखलेल्या जमिनीतून असे जिवाणू निवडून त्यांचं मिश्रण तयार केलं आहे.

मुलांना मातीत खेळू द्यावं का?

आजी म्हणायची, पोर मातीत खेळलं की घट्ट होतं. फिनलंडमध्ये याची रीतसर चाचणी झाली. ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांचा त्यात समावेश होता. काही पाळणाघरांच्या रेतीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून घातली, मुलं रोज तिथे खेळली. २८ दिवसांनी त्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली होती आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीचा तोल सावरणाऱ्या खुणा दिसत होत्या. २०२० मध्ये हे निष्कर्ष आले. यावरून दमा-ॲलर्जी थांबते असं म्हणता येणार नाही, पण आजीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

मात्र दुसरी बाजूही तेवढीच खरी. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. त्यामुळे जखमेवर माती लावणं हा उपाय नाही, धोका आहे. बागेत काम करताना खरचटलं तर साबणाने धुवावं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असावं. कर्नाटकच्या किनारी भागात मेलिओडोसिस हा मातीतल्या जिवाणूमुळे होणारा आजार आढळतो. मधुमेहींना त्याचा धोका जास्त. गोवा-कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण सापडतात. त्याचे जंतू उंदीर-जनावरांच्या मुतामुळे चिखलपाण्यात येतात. म्हणून मुलांनी मातीत जरूर खेळावं, पण जेवायच्या आधी हात धुवावेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नये.

माती आपली, पण हक्क कुणाचा?

समजा, उद्या कमाटी बागेच्या मातीत मोठं औषध सापडलं. पैसा कुणाला? हा प्रश्न हवेतला नाही. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४ मध्ये कॅनडातून एक मोहीम गेली आणि तिथली माती घेऊन आली. मॉन्ट्रियलमध्ये काम करणारे सुरेंद्रनाथ सहगल यांनी त्यातल्या जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळं केलं. कंपनीने काम गुंडाळलं तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं आणि पुढे त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. त्या बेटावरच्या रापा नुई लोकांना त्यात वाटा मिळाला नाही, ही टीका आजही होते.

असं पुन्हा होऊ नये म्हणून आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यात वनस्पती आणि प्राण्यांच्या जोडीला सूक्ष्मजीवही 'जैविक संसाधन' मानले आहेत. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला इथलं असं संसाधन संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची, असंही कायदा सांगतो. कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे वाचक कर्नाटकात असो, गोव्यात असो, मध्य प्रदेशात, गुजरातेत की तेलंगणात, त्याला हे लागू आहे. आपल्या महापालिकेत ही समिती आहे का, तिची बैठक कधी झाली आणि नोंदवहीत शहरातल्या बागा आल्या आहेत का, हे विचारायचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. माहिती अधिकाराचा एक अर्ज त्यासाठी पुरतो.

मातीतून काढलेले जिवाणू जपून ठेवायची सोयही देशात आहे. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगडची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था इथे देशभरातून आलेले जिवाणू गोठवून ठेवले जातात. जवळच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या बागेच्या मातीवर प्रकल्प केला, तर काही नवीन निघाल्यास ते कुठे पाठवायचं हे ठरलेलं आहे.

आता करायचं काय?

औषध सापडेल तेव्हा सापडेल. तोवर माती जिवंत राहायला हवी. 'सुशोभीकरण' म्हटलं की आपल्याकडे आधी पेव्हर ब्लॉक येतात, मग सिमेंटचे कट्टे, मग विकतचं गवत. फरशीखाली गेलेल्या मातीला हवा आणि पाणी नीट मिळत नाही. पालापाचोळा झाडून पेटवला की तिच्या पोटात जायचं अन्न धुरात जातं. खरं तर तोच पाचोळा बागेच्या कोपऱ्यात खड्डा करून कुजवला तर खताचे पैसे वाचतात. झाडाच्या बुंध्याभोवती निदान काही फूट जागा फरशीविना ठेवायला काहीच खर्च येत नाही. वॉर्डातल्या बागेचं टेंडर निघेल तेव्हा नगरसेवकाला एवढं सांगणं प्रत्येकाला जमेल.

दुसरी गोष्ट घरातली. मातीने कोट्यवधी वर्षांत घडवलेली औषधं आपण काही दशकांत बोथट केली. सर्दी-पडसं बहुधा विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी मेडिकलमध्ये जाऊन 'एक स्ट्राँग गोळी द्या' म्हणायची सवय सुटत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. ही खूण लोकांना कळावी म्हणून केंद्राने २०१६ मध्ये मोहीमही चालवली होती. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्यायचं, उरलेली गोळी शेजाऱ्याला द्यायची नाही आणि कमोडमध्ये किंवा गटारात टाकायची नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आले. त्यातही स्ट्रेप्टोमायसिनच असतं. शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा केंद्राने २०२१ मध्ये काढला, तो याच काळजीपोटी. शेतात फवारलेलं औषध शेवटी मातीतच जातं आणि तिथल्या जिवाणूंना त्याची सवय होते.

नवं औषध मातीतून निघून रुग्णापर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं सहज लागतात, पैसाही प्रचंड लागतो. बाग फरशीखाली घालायला मात्र एक उन्हाळा पुरतो. कुठल्या मातीत काय आहे हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच बघायच्या आधी ती झाकून टाकणं हा तोट्याचा व्यवहार आहे.